बाळाने मान कधी धरावी? : एका सरकारी आकड्याचा इतिहास

मे २००८ मध्ये बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला, तो देवनहळ्ळी तालुक्यात. तेव्हापासून या शहरात विमानाने येणारा प्रत्येक मराठी माणूस प्रथम देवनहळ्ळीच्या भूमीवर उतरतो, पण गावात जाणारे थोडेच. गाव मात्र जुने आहे. अवतीच्या नाडप्रभू घराण्यातील मल्लभैरेगौडाने १५०१ मध्ये येथे किल्ला बांधला. म्हैसूरच्या फौजेने अठराव्या शतकाच्या मध्यावर त्याला वेढा घातला. त्या वेढ्यातील पराक्रमामुळे हैदर नावाचा एक साधा शिलेदार वरिष्ठांच्या नजरेत भरला. हैदरचा मुलगा टिपू याचा जन्म याच गावचा. किल्ल्याजवळ त्याच्या जन्मस्थानाची दगडी खूण आहे. त्याचा जन्म १७५० चा की १७५१ चा, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

हा मतभेद मला प्रशासनाच्या दृष्टीने बोलका वाटतो. ज्याने पुढे एवढे राज्य चालवले त्याच्या जन्माचे वर्षही निःशंकपणे सांगता येत नाही. मग तो कितव्या महिन्यात बसला आणि कधी पाऊल टाकू लागला, हे कोण लिहून ठेवणार? जुन्या राजवटींनी जमीन मोजली, सारा मोजला, घोडी आणि तोफा मोजल्या. तान्हे मूल सरकारी कागदावर फार उशिरा आले. आधी जन्मनोंदणीच्या रूपाने आले, मग देवीच्या लशीच्या, मग वजनाच्या. मूल मान केव्हा धरते, आवाजाकडे केव्हा वळते, केव्हा बसते, ही नोंद सर्वांत शेवटी आली आणि अजूनही ती पुरती रुजलेली नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याला कारण माझी भाची. विमानतळ झाल्यावर देवनहळ्ळीच्या आसपास ज्या उंच वसाहती उठल्या, त्यांपैकी एकीत ती राहते. गेल्या वर्षी तिच्याकडे काही दिवस मुक्काम होता. बाळ साडेतीन महिन्यांचे. तिच्या मोबाईलवर एक परदेशी वेळापत्रक होते, ते दर आठवड्याला बाळाने काय करायला हवे याची सूचना देई. शिवाय टीकाकरणाच्या वेळी मिळालेले सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड होते. कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात. त्यातही बाळाच्या विकासाच्या टप्प्यांची चित्रे. दोहोंतले आकडे तंतोतंत जुळत नव्हते. त्यातच पुण्याहून तिच्या सासूबाईंचा रोज फोन, "अगं, काळजी करू नकोस, याचा बापसुद्धा सगळं उशिराच करायचा." भाचीने मला विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षं सरकारात काढलीत. हे आकडे ठरवतं तरी कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर सरकारी फायलीत सहज सापडणारे नव्हते. सरकारी छापील आकड्याचा एक स्वभाव असतो : छापून झाला की त्याचा जन्मदाता कोणाच्या लक्षात राहत नाही. या आकड्यांचा माग काढत मी जिथे पोहोचलो ते ठिकाण मराठी वाचकाला परके नाही. ते ठिकाण म्हणजे बडोदे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाळाच्या वाढीची तारीखवार नोंद ठेवण्याची हौस युरोपात प्रथम विद्वान पित्यांना लागली. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे निरीक्षण लिहून ठेवले होते आणि ते १८७७ मध्ये एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. पण एका बाळाच्या रोजनिशीवरून नियम काढता येत नाही. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी अनेक बाळांचे चित्रपट घेऊन महिनावार वर्णने तयार केली. कॅलिफोर्नियात नॅन्सी बेली यांनी १९२८ पासून ६१ निरोगी बाळांची एक तुकडी वर्षानुवर्षे तपासली. याच कामाच्या वाटेवर १९६९ मध्ये 'बेली मापनश्रेणी' प्रसिद्ध झाली, जी जगभर प्रमाण मानली गेली.

आता बडोदे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू झाला, हे सर्वांना ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. हंसाबेन मेहता या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या पुढाकाराने तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली आणि तिच्यात बालविकासाचा स्वतंत्र विभाग. त्या काळी 'गृहविज्ञान' म्हटले की पुरुष मंडळी किंचित हसत असत. स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवायला विद्यापीठ कशाला, असा त्या हसण्याचा अर्थ असे. याच विभागात प्रमिला फाटक यांनी ते काम केले ज्यावर पुढे देशभरातील बालरोगतज्ज्ञ विसंबून राहिले.

काम असे होते. बेलीबाईंच्या मापनश्रेणीतील कृती भारतीय बाळांकडून करवून घ्यायच्या आणि प्रत्येक कृती नेमकी कोणत्या वयात साधते ते नोंदवायचे. वयोमर्यादा एक महिना ते तीस महिने. मान सावरणे, पालथे पडणे, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेणे, लपवलेली वस्तू शोधणे, आईच्या आवाजाला प्रतिसाद देणे. १९७० मध्ये या अभ्यासाचा अहवाल विद्यापीठाने काढला आणि 'बडोदा प्रमाणके' हा शब्द रूढ झाला. त्यांचीच सुधारित आवृत्ती १९९० च्या दशकात आली. तीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. त्या आवृत्तीची हस्तपुस्तिका पुण्यातून प्रकाशित झाली.

या सुधारणेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : चाचणीचे साहित्य देशी केले गेले. वरवर पाहता ही किरकोळ बाब आहे. पण बाळासमोर त्याने कधी न पाहिलेले परदेशी खेळणे ठेवले आणि ते बावरले, तर आपण त्याची बुद्धी मोजतो की त्याचा अपरिचय? शासनातही आपण हे नेहमी पाहतो. नमुना अर्ज दिल्लीत तयार होतो, तो गडचिरोलीत भरला जात नाही, आणि दोष मात्र गडचिरोलीच्या कारकुनावर येतो. फाटक यांनी अर्जच बदलला.

आता मूळ मुद्दा, जो भाचीला समजावताना मला स्वतःलाही नीट मांडावा लागला. 'बाळ अमुक महिन्यात बसते' या वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ होऊ शकतात. सर्वांत चपळ बाळे त्या महिन्यात बसतात, हा एक. निम्मी बाळे तोवर बसलेली असतात, हा दुसरा. जवळजवळ सर्व बाळे तोवर बसलेली असतात, हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या अर्थांत कित्येक महिन्यांचे अंतर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील ८१६ बाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आला. शंभरातील चारांहून काही अधिक बाळे तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उभी राहून चालू लागली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पालकांसाठीच्या जुन्या यादीत निम्म्या बाळांना जमणाऱ्या कृती होत्या. २०२२ मध्ये त्यांनी ती बदलून शंभरातील पंचाहत्तर किंवा अधिक बाळांना जमणाऱ्या कृती त्यात ठेवल्या, आणि रांगणे वगळले. म्हणजे ज्या पालकांनी २०२१ मध्ये एक आकडा पाहिला त्यांच्या धाकट्या मुलासाठी २०२३ मध्ये दुसरा आकडा होता. यात बाळे बदलली नव्हती. प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती.

सरकारी कामासाठी यांतला कोणता अर्थ घ्यायचा? याचे सर्वांत चोख उत्तर तिरुवनंतपुरम येथे मिळाले. डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोदा प्रमाणकांतून फक्त सतरा कृती निवडून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक तक्ता केला आणि १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रत्येक कृतीसमोर एक आडवी पट्टी. पट्टी सुरू होते तिथे शंभरातील पहिल्या तीन बाळांना ती कृती जमलेली असते. संपते तिथे सत्त्याण्णव बाळांना. बाळाच्या वयावर एक उभी रेघ ओढायची, आणि रेघेच्या डावीकडे संपलेल्या एखाद्या पट्टीतील कृती बाळ करत नसेल तर त्याला पुढे तपासणीस पाठवायचे. लागणारी सामग्री : एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा. वेळ पाच ते सात मिनिटे. बडोद्याची पूर्ण चाचणी प्रशिक्षित मानसतज्ज्ञाखेरीज करता येत नाही, पण हा तक्ता अंगणवाडी सेविका वापरू शकते. संशोधन आणि प्रशासन यांमधला पूल असाच असावा लागतो. आपल्याकडे तो क्वचितच कोणी बांधतो.

पुण्यातही याच सुमारास एक मोलाचे काम सुरू झाले होते. केईएम रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा थेट त्यांच्या तारुण्यापर्यंत केला. भारतात इतका दीर्घ पाठपुरावा किती अवघड आहे हे ज्याने एकदा तरी लाभार्थ्यांची यादी पाच वर्षांनी पुन्हा पडताळली आहे त्याला सांगायला नको. पत्ते बदलतात, माणसे गाव सोडतात. अशा बाळांच्या बाबतीत एक नियम पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून मोजून त्याला मागे पडलेले ठरवू नये. पहिली दोन वर्षे ते दोन महिने वजा करूनच तक्ता पाहायचा असतो.

मग या सगळ्याचे शासनात काय झाले? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कर्नाटकातील पहिला प्रकल्प टी. नरसीपूरचा. योजनेच्या नावातच 'बालविकास' होता. तिच्या सहा सेवा पाहिल्या तर पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. यातील शेवटची सेवा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तीन वर्षांखालील बाळाचे पोट, वजन आणि लस यांची व्यवस्था झाली. त्याच्या मनाची आणि इंद्रियांची सेवा म्हणून वेगळा रकाना मूळ आराखड्यात नव्हता. मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ ज्या काळात होते नेमका तोच काळ मोकळा राहिला.

पुढे कागदावर ही उणीव हळूहळू भरत गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये तशी सेवा देशभर आली. २०१३ च्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मजात व्यंगे, कमतरता आणि आजार यांच्या जोडीला 'विकासातील विलंब' हा शब्द प्रथमच ठळकपणे आला आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर उपचार केंद्रे ठरली. २०१८ पासून आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचे ठरले. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षे या वयासाठी 'नवचेतना' हा महिनावार आराखडा काढला. मूळ योजनेला ४९ वर्षे होत आली होती.

कागद आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मी जवळून पाहिले आहे. एका जिल्ह्यात असताना अंगणवाड्यांच्या भेटींत मी वजनाची नोंदवही उघडून पाहत असे. ती बहुधा भरलेली असे, कारण मासिक अहवालात वजन मागितले जाई आणि कमी पडले तर पर्यवेक्षिकेला उत्तर द्यावे लागे. विकासाच्या टप्प्यांचे पान कोरे असे. सेविकेला टप्पे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. चार बाळंतपणे आणि गावातील शंभर बाळे पाहिलेली बाई ती, कोणते मूल 'ढिले' आहे हे ती मला दारातून दाखवत असे. पण तिच्या त्या ज्ञानाला कोणत्याही तक्त्यात जागा नव्हती, आणि जागा असती तरी त्या मुलाला पुढे पाठवायचे कुठे याचे उत्तर त्या काळी तालुक्यात कोणाकडे नव्हते. उपचाराची सोय नसताना नोंद करणे म्हणजे आईच्या गळ्यात नुसती चिंता अडकवणे. म्हणून तिने ते पान कोरे ठेवले असेल तर मी तिला दोष देणार नाही.

पहिल्या महिन्यांतील विलंब ओळखण्याला इतके महत्त्व का, याचे एकच उदाहरण देतो. जन्मतः बहिरे असलेले बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, तोंडाने आवाज काढते. घरच्यांना संशय येत नाही. सहाव्या महिन्यानंतर त्याचे आवाज वाढत नाहीत, तेव्हाही 'मुलगे उशिराच बोलतात' असे म्हणून वर्ष निघून जाते. श्रवणतज्ज्ञांचा जगभरातील दंडक असा की पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू. ही मुदत चुकली तर भाषा शिकण्याचा काळ निसटतो आणि तो पुढे पैसे टाकून तेवढाच्या तेवढा परत मिळत नाही. किल्ल्यांच्या आवाजाकडे मान वळते का हे पाहणे ही प्राथमिक चाळणी झाली. शंका असेल तर यंत्रावरची चाचणीच करून घ्यावी. बेंगळुरूच्या मराठी पालकांसाठी मुद्दाम सांगतो : म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे.

आता पुन्हा देवनहळ्ळी. भाचीच्या वसाहतीच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. नव्या इमारती बांधणारी माणसे तिथे राहतात. कोणी रायचूर-यादगिरीची, कोणी बिहारची, कोणी ओडिशाची. आई विटांच्या ढिगाजवळ आणि बाळ साडीच्या झोळीत. संध्याकाळी फिरायला जाताना अशी दोन-तीन बाळे दिसत. भाचीच्या बाळापेक्षा फार मोठी नसावीत. एकदा आमच्याबरोबर फिरणारे एक सद्गृहस्थ म्हणाले, "या लोकांची मुलं उशिराच वाढतात, पण शेवटी कणखर निघतात." वाक्य सहानुभूतीचे होते, पण त्यात मोठी गफलत होती.

ती गफलत समजण्यासाठी पुन्हा संशोधनाकडे जावे लागते. फाटक यांनी काम हाती घेतले तेव्हा भारतीय बाळ अमेरिकन बाळासारखेच वाढते की वेगळे, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते आणि परक्या आकड्यावर विसंबणे अशास्त्रीय ठरले असते. त्यानंतर बरीच माहिती जमा झाली. २०१८ मध्ये अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान येथील ४९४९ मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मुंबईची 'उम्मीद' संस्था त्यात होती. निरोगी मुले बहुतेक टप्पे सगळ्या देशांत जवळपास एकाच वयात गाठतात, आणि मुलगा-मुलगी असा फरकही जवळजवळ नाही, असे त्यातून दिसले. याचा प्रशासकीय अर्थ असा की देवनहळ्ळीच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी एकच लावली पाहिजे. झोळीतले बाळ मागे पडले असेल तर त्यामागे रक्ताची कमतरता, अपुरा आहार, अकाली जन्म, वारंवार होणारे आजार किंवा दिवसभर कोणी न बोलणे अशी कारणे शोधावी लागतील. 'या लोकांत असेच असते' हे कारण नोंदवहीत लिहिता येणार नाही. 'मुलगे उशिरा बोलतात' हेही नाही.

मग बडोद्याचे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. बाळे सारखी आहेत हे म्हणण्याचा अधिकार मोजल्यानंतरच मिळतो. तक्रार असलीच तर ती आपल्याबद्दल आहे. ज्या पिढीवरून ती प्रमाणके निघाली ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली. बेलीबाईंच्या श्रेणीची अमेरिकेत २०१९ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. आपण मात्र बराच काळ बडोद्याच्याच ठेव्यावर काम चालवले आहे.

स्थलांतरित मजुरांच्या बाळांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांचे कार्ड गावाकडे, सासरी पेटीत. २०२१ पासून अंगणवाडीची नोंद 'पोषण ट्रॅकर' या संगणकीय व्यवस्थेत होते आणि त्यात आधारच्या साहाय्याने एका राज्यातील लाभार्थी दुसऱ्या राज्यात दाखल करून घेण्याची सोय आहे. बांधकामावरील आईला ही सोय कोणीतरी सांगितली पाहिजे, आणि अंगणवाडी तिच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजे. नव्या वसाहतींना परवानगी देताना विकासकाकडून रस्ता, पाणी, सांडपाणी यांचा आराखडा मागितला जातो. मजुरांच्या बाळांची व्यवस्था कुठे आहे हाही प्रश्न त्याच टेबलावर विचारता येईल. पाळणाघराची तरतूद २०२५ पर्यंत लागू असलेल्या इमारत बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात होतीच : पन्नासहून अधिक स्त्रिया नेहमी कामावर असतील तिथे ती सक्तीची होती. एका कंत्राटदाराच्या जागी पाच-सहा उपकंत्राटदार असत आणि कोणाच्याच हजेरीपटावर पन्नास स्त्रिया भरत नसत, ही गोष्ट निराळी.

भाचीला मी एवढेच सांगितले की मोबाईलवरील दर आठवड्याच्या सूचना बंद कर, तायी कार्डातील पान उघडून ठेव आणि चौथा महिना संपताना बाळाची मान स्थिर नसेल तर सासूबाईंचा फोन येण्याआधी बालरोगतज्ज्ञाकडे जा. मग ती कार्ड घेऊन खालच्या अंगणवाडीत गेली. सेविकेने तिला कानडीत विचारले, "हे पान भरायचं का?" आजवर तिला तसे कोणी सांगितलेच नव्हते.